पुढच्या वर्षी धरेल

फार मागे, जुन्या पेठेतल्या त्र्यंबकरावांच्या वाड्यामागे मोठी बाग होती. तिथला आंबा कधी फळत नसे. झाडाला धाक बसावा म्हणून दर होळीला त्र्यंबकराव कुऱ्हाड उगारत आणि त्यांची बायको रिवाजाप्रमाणे अडवी, "राहू द्या हो, पुढच्या वर्षी धरेल!"

"नुसती नाटकं!" आंबा शेजारच्या रामफळाला हसून म्हणे.

मग बायको वारली. त्या होळीला त्र्यंबकराव कुऱ्हाड उगारून थांबले, कुणी अडवतंय का म्हणून.

"अरे, तू म्हण ना! तुला पाठ आहे!" आंबा कळवळला.

रामफळाला पाठ होतं. पण आंब्याच्या सावलीचा त्याला कंटाळा आला होता. ते गप्प राहिलं. आंबा पडला.

पुढच्या होळीला रामफळही रिकामंच होतं. कुऱ्हाड उगारली गेली, थांबली. रामफळानं आपल्या सावलीतल्या पेरूकडे पाहिलं. पेरू उन्हाकडे बघत होता.