करकोच्याची छाट

त्या रानात खरा अंदाज कुणी सांगत नसे आणि कुणी मागतही नसे, तरी सगळं सुरळीत चाललं होतं. घरटी विणायची सुगरणीने, आणि ती कधी तयार होतील ते भर दरबारात सांगायचंही तिनेच. प्रधान करकोचा त्यातला निम्मा काळ छाटून टाकी. छाट बसणार हे ठाऊक असल्यामुळे सुगरण आधीच दुप्पट सांगे, आणि ती दुप्पट सांगते हे ठाऊक असल्यामुळे करकोचा छाटत राही. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

एका उन्हाळ्यात टिटवी सुगरणीकडे आली. नदीच्या वाळूत घातलेली तिची अंडी मागच्या पुरात गेली होती.

"सुगरणबाई, यंदा मला नदीकाठच्या बाभळीवर घरटं विणून द्या. वेळेत होणार नसेल तर मी आत्ताच वरच्या माळावर जाते. तिथे कोल्ह्यांचा त्रास आहे, पण पाणी तरी येत नाही. काय ते खरं सांगा."

"खरंच सांगेन गं," सुगरण म्हणाली.

त्याच बाभळीखाली भरलेल्या दरबारात ती म्हणाली, "तीन महिने लागतील."

"म्हणजे दीड," करकोचा म्हणाला.

"नाही प्रधानजी, या वेळी वाढवून सांगितलेलं नाही."

"हे तर तू दरवर्षीच म्हणतेस!"

दरबार खो खो हसला. वाईट एवढंच, की ती खरोखरच दरवर्षी तसं म्हणत आली होती. टिटवीही हसली. दीड महिना तिच्या सोयीचा होता. ती माळावर गेली नाही.

सुगरण ऊन म्हणाली नाही, वारा म्हणाली नाही. पण एकेक पातं विणायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. दीड महिना उलटला तेव्हा घरट्याला तळ नव्हता. अंडी काही दरबारासाठी थांबत नाहीत. टिटवीने ती अर्ध्या घरट्याखाली, वाळूतच घातली. मग नदी चढली.

पुढच्या हंगामात बुलबुलाने घरटं मागितलं.

"किती लागतील?" करकोच्याने विचारलं.

सुगरण म्हणाली, "सहा महिने."

करकोच्याने तीन केले, आणि तीन महिन्यांत घरटं तयार झालं.

"बघा, आता कसा तंतोतंत अंदाज येतो हिचा!" तो कौतुकाने म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या डोक्यावर बाभळीला एक बिनतळाचं घरटं हलत होतं, आणि त्याच्या खालच्या वाळूत टिटवी एकटीच उभी होती.