कापूस कोंबलेला मुकुट

युरोपात राजे पायलीचे पन्नास होते, तेव्हाची गोष्ट. एका शूर राजाने राज्य जिंकलं आणि आपल्या भल्यामोठ्या डोक्याच्या मापाचा मुकुट घडवला. तो घराबाहेर जाऊ नये म्हणून वंशजांनी सोयरिकी घरातल्या घरातच केल्या. पिढीगणिक डोकी लहान होत गेली, मुकुटात कापूस कोंबावा लागला. शेवटच्या राजाच्या तर तो नाकावरच आला.

दारात उपाशी लोक ओरडू लागले. "अरे, मला काढ आणि बघ तरी!" मुकुट कळवळला.

"तुला काढलं तर मला राजा कोण म्हणेल?"

लोकांनी राजाला पिटाळलं. मुकुट गोठ्यात घरंगळला. त्यातल्या कापसावर एक कोंबडी ऐसपैस बसली.

"दादा, अडचण नाही ना?"

"छे गं!" मुकुटाने सुटकेचा निःश्वास टाकला. "कित्येक पिढ्यांनंतर मापाचं कुणी भेटलं."