हाराचा मानकरी

पेणच्या पेट्रोल पंपावर मांडव पडला होता. तेल कंपनीला विक्रमी नफा झाला, म्हणून थोरले साहेब सत्कार घ्यायला आले होते. ग्राहकांतर्फे हार घालायचा मान मासळीचा टेंपो चालवणाऱ्या नलूबाई घरतांचा. त्यांची निम्मी कमाई हल्ली टाकीतच जात होती.

आधी साहेबांनी माइक धरला. "पेट्रोल महागलं की कंपनीला शिव्या देता, आणि कोपऱ्यावर जायलाही गाडी काढता. भाव वाढतो तो तुमच्यामुळे."

समोर बसलेल्या रिक्षावाल्यांनी माना खाली घातल्या. नलूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी हसतच हार उचलला, साहेबांसमोरून मंचाखाली उतरल्या आणि तो दामूअण्णा रिक्षावाल्याच्या गळ्यात घातला.

साहेब गोरेमोरे झाले. "अहो बाई, हार माझा आहे."

"भाव आमच्यामुळे वाढला, तर नफाही आमच्यामुळेच झाला ना, साहेब?"

"नफा कंपनीच्या कर्तबगारीचा."

"मग भाववाढही त्याच कर्तबगारीची. एवढं माइकवर बोला, हार तुमचा."

साहेबांनी माइककडे पाहिलं आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

दामूअण्णांची रिक्षा त्या दिवशी हार घालून गावभर मिरवली.