मामाची जागा

फार जुनी गोष्ट आहे मंडळी, तुमच्याआमच्या पणज्यांच्याही आधीची. एका ओढ्याच्या अलीकडे एक सुतार राहायचा, आणि पलीकडच्या गावात त्याची धाकटी बहीण दिली होती. बहिणीला एकच लेक, मैना. सुताराला मूलबाळ नव्हतं. त्यानं भाचीला अंगाखांद्यावर खेळवली, सगळा जीव तिच्यातच गुंतवला.

एकदा मेव्हण्याकडे मोठं जेवण होतं. पहिली पंगत बसली, आणि सुताराचं पान काही मांडलं नाही. झालं! गडी न जेवताच घरी आला. बायकोनं परोपरीनं समजावलं, की घरची माणसं मागून जेवतात, त्यांनी तुम्हाला घरचं धरलं. पण ऐकतो कोण? राग दुधासारखा असतो बघा, एकदा उतू गेला की खाली बसतो. सुतारानं तो उतूच जाऊ दिला नाही. मेव्हण्याला एका शब्दानं विचारलं असतं, तर दोघंही हसले असते. हा आपला गप्प राहिला, आणि ओढ्यापलीकडे जायचं त्यानं सोडलं.

वर्षं गेली. मैनेचं लग्न ठरलं, तेही सात डोंगर ओलांडून लांबच्या मुलखात. बहीण अक्षत घेऊन भावाच्या दारी आली.

"दादा, आमचं काय चुकलं, ते तरी सांग," ती रडत म्हणाली.

"काही नाही. बघू," एवढंच तो बोलला.

त्या भागात रीत अशी, की मामानं नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. लग्नाच्या दिवशी सुतार नवा फेटा बांधून ओसरीवर बसला. जायचं तर होतं, जीव तुटत होता. पण मेव्हण्यानं वाजंत्री लावून न्यायला यावं, चारचौघांत हात जोडावेत, मगच उठायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बायकोनं विनवलं, मुहूर्त टळेल म्हणाली. शेवटी ती बिचारी एकटीच गेली.

वाजंत्री वाजली, पण पलीकडेच. मग मंगलाष्टकं ऐकू आली. आता उठू, मग उठू करता करता तीही संपली, आणि ताशा कडाडला. लग्न लागलं होतं. म्हातारपणाला टेकलेला तो माणूस ओसरीवर बसून ढसाढसा रडला.

दिवस कलताना वरात त्याच्या दारावरून निघाली. मैना गाडीतून उतरली आणि मामाच्या पाया पडली.

"माझ्या जागी कोण उभं राहिलं गं?" त्यानं खालमानेनं विचारलं.

"कुणी नाही, मामा. काका पुढं झाले होते, पण बाबांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, ती जागा त्याची आहे, तो येईलच. मी सारखी मागं वळून बघत होते."

गाडी डोंगरामागे दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे सुतार उठला आणि ओढा ओलांडून मेव्हण्याच्या गळ्यात पडला. पण झालं होतं तरी काय, असं मेव्हणा पुनःपुन्हा विचारत राहिला. ते सांगायची सुताराला लाज वाटली. दोघांचं मनोमीलन झालं खरं. पण मैना पुन्हा कधी नवरी व्हायची नव्हती, आणि ती मोकळी जागा त्याला जन्मभर दिसत राहिली.

म्हणून लहानथोर हो, ध्यानात असू द्या: मनात अढी धरणारा ज्याला शिक्षा करायला निघतो, त्याला तिचा पत्ताही नसतो, ती भोगतो तो स्वतः, आणि त्याच्या जिवाची माणसं.