रिकाम्या जागेचं भाडं

शाळेचा मास्तर ही गोष्ट सांग म्हणून मागे लागलाय, म्हणून सांगतो, नाहीतर असलं उगाळून काय मिळतं?

भिकोबा सुताराचा तरणा पोरगा वारला. त्याची सायकल नांदेडला नातीकडे धाडायची होती. भिकोबानं चाकं, हँडल सोडवून सगळं खोक्यात बांधलं. खोकं हलकं आहे, भाडं कमी पडेल, असं तो बोलला, तर पार्सल ऑफिसातला घोलप म्हणाला, "अडाण्या, भाडं वजनाचं नसतं, खोक्याच्या मापाचं असतं. आतल्या रिकाम्या जागेचंही पडतं."

भिकोबानं भाडं भरलं. मग खोकं उघडून, वेगळी धाडायची म्हणून आणलेली ज्वारी आणि गोधडी चाकांच्या मधे कोंबली.

"अरे, वजन वाढलं की," घोलप म्हणाला.

"वजनाचं भाडं नसतं ना, साहेब? जागेचं दिलंय, ती भरली. रिकामी एक घरात आहे, तेवढी पुरे."

खोकं गेलं. अडाणी म्हटल्याची माफी त्या घोलपानं मागायची अजून राहिलीय.