एलचीचे तळे

दौलताबादच्या वाटेवरचे हे आमचे वडगव्हाण, पाहुणे, आणि हे एलचीचे तळे. एलची म्हणजे परमुलखाच्या राजाचा वकील. तळे तसे लहानच, उन्हाळ्यात कंबरभर पाणी. त्याला हे नाव कसे पडले, त्याची हकिगत जुनी माणसे अशी सांगतात.

मोगल बादशहा दक्षिणेत उतरला, तेव्हा त्याची छावणी याच माळावर होती. गुर्जिस्तान नावाच्या बर्फाच्या मुलखातून झुराब नावाचा एलची आपल्या राजाचे फारसीतले पत्र घेऊन आला. त्याचा दुभाष्या वाटेतच तापाने गेला होता. छावणीत माणसे हजारो, पण झुराबची बोली समजणारे एकही नाही.

दरबाराचा रिवाज असा, की एलचीची तसबीर आधी बादशहापुढे जायची आणि मग भेटीचे बोलावणे यायचे. ते काम पैठणच्या रखमाजी चिताऱ्याकडे आले. रखमाजीची बायको बाळंतपणात गेलेली, मागे कोणी नाही. डोळ्यांना दिसेल तेच काढीन, असा शब्द त्याने गुरूला दिला होता म्हणे.

झुराबला या काठावर बसवून त्याने तसबीर काढली. चित्रशाळेच्या दारोग्याने ती पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा तर मयताला आल्यासारखा दिसतो. बादशहांच्या दारी आलेला माणूस आनंदी हवा. ओठ जरा वर वळव."

"हुजूर, त्याला हसताना मी पाहिलेले नाही," रखमाजी म्हणाला.

"मग पाहा आणि काढ. तोवर त्याची भेट नाही."

रखमाजी रोज काठावर येऊ लागला. कुंचल्याच्या एका फटकाऱ्याने काम भागले असते. दोनदा त्याने कुंचला उचललाही, पण हात पुढे जाईना. आपल्या शब्दापायी हा माणूस इथे अडकला आहे, हे त्याला आतून खात होते. पावसाळा सरला, थंडी सरली. रखमाजी भाकरी आणायचा, दोघे मुकाट्याने खायचे आणि पाण्याकडे बघत बसायचे.

एके सकाळी झुराबने त्याच्या हातातला कुंचला घेतला आणि कागदावर वेडेवाकडे काही काढले. गोल तोंड, दोन वेण्या. मग हात जमिनीपासून कमरेइतका उंच धरला. रखमाजीला कळले. मुलगी!

आपल्या नाही, तरी झुराबच्या डोळ्यांना ती दिसत होती, म्हणून त्याने नवा कागद घेतला. डोळे काढले, झुराबने नकाराची मान हलवली. पुन्हा काढले. हनुवटी, कपाळ, सगळे खुणांनी विचारत सात दिवस गेले. आठव्या दिवशी झुराबने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवले. रखमाजीने मुलीच्या भुवईवर एक बारीक वण ओढला.

"नीनो," झुराब म्हणाला, आणि हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या.

ते हसू रखमाजीने त्याच दिवशी तसबिरीत उतरवले. बोलावणे आले, पत्राला जबाब मिळाला, आणि झुराब परतीला निघाला. जाताना त्याने रखमाजीचे रंगाने माखलेले हात आपल्या डोळ्यांना लावले आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. रखमाजीला त्यातले एक अक्षरही कळले नाही.

झुराबची तसबीर दरबारात राहिली, मुलीची त्याच्याबरोबर गेली. रखमाजीजवळ काहीच उरले नाही. छावणी हलली, तरी तो गेला नाही. रोज काठावर येऊन एकटा बसे. लोक त्याला वेडा समजून लांबून जात.

एकदा सगुणा कोळीण पाण्याला आली आणि तिने विचारले, "चितारीबाबा, कुणाची वाट बघता?"

"वाट नाही बघत, बाई. तो जाताना काय बोलला, ते घोकतोय. अर्थ नाही कळला, निदान आवाज तरी विसरू नये."

सगुणाने घागर खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी आले. त्यानंतर मरेपर्यंत रखमाजी इथे एकटा बसला नाही, असे सांगतात.

आजही या काठावर कोणी परके माणूस एकटे बसलेले दिसले, की गावातले कोणीतरी हातचे काम टाकून येते आणि शेजारी बसते. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. परके माणूस उठले, की तेही उठते. आज तुम्ही दिसलात, म्हणून मी आलो. बोलायचे नसते खरे तर. पण घाई नाही, पाहुणे. बसा हवे तितके.