नवसाच्या शिळा

पूर्वी धान्यपूर नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या देवीच्या आवारातल्या नांदरुकाच्या झाडात वृक्षदेव होऊन राहत होता. नगर दाटीवाटीचं, घराला घर लागलेलं, गल्लोगल्ली तांबटांच्या भट्ट्या. उन्हाळ्यात मोकळा श्वास घ्यावा तर त्या आवारातच. तापाने फणफणलेली लेकरं आया तिथे आणत, फांदीला झोळी बांधत. सावलीने अंग निवे, विहिरीचं गार पाणी ओठाला लागे, लेकरू डोळे उघडी.

मग नवस फेडायचा. बाळाच्या तळव्याचा ठसा कोरलेली शिळा झाडाच्या बुडाशी बसवायची. जितकी खोडाजवळ तितकं बाळाला आयुष्य जास्त, असं बायका म्हणत आणि जागेवरून भांडतही.

उत्पला ही तांबटाची सून. तिचा सुमन असाच वाचला. ती शिळा घेऊन आली तेव्हा खोडाशी ओंजळभर माती उरली होती. दुपारी सावलीत तिचा डोळा लागला. स्वप्नात वृक्षदेव म्हणाला, "बाई, एवढी माती उघडी राहू दे. तिच्यातूनच मी पाणी पितो. विहीरही तिच्यातूनच पिते."

घाबरून तिने सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "झाडाची काळजी घ्यायला देव आहे. नवस राहिला आणि पोराला काही झालं, तर कुणाला विचारशील?"

उत्पलाने शिळा बसवली.

रानातले वृक्षदेव बोधिसत्त्वाला बोलवायला आले. ज्यांना सावली दिलीस त्यांनीच तुला जिवंतपणी गाडलं, आता तरी चल, म्हणाले. तो म्हणाला, "त्यांनी वैराने नाही केलं, भीतीने केलं. झोळ्या अजून बांधलेल्या आहेत. मी कुठे येऊ?"

पाऊस आला तो शिळांवरून वाहून रस्त्याला गेला. झाड वाळत चाललं. बोधिसत्त्वाने उरलासुरला ओलावा झोळ्यांच्या फांदीला पुरवला. पुढच्या उन्हाळ्यात तीही वाळली.

त्याच उन्हाळ्यात सुमनला पुन्हा ताप भरला. उत्पलाने झोळी बांधली. ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं. विहिरीत पोहरा सोडला तर गाळ आला. ती दुपारभर पदर धरून उभी राहिली. दिवस कलला तेव्हा झोळी हलायची थांबली होती.

लेकराला माती देऊन ती परत आली आणि नखांनी आपली शिळा उकरू लागली. खाली एक पांढरं, कोरडं मूळ होतं. सुमनसाठी घरून आणलेल्या तांब्यात उरलेलं पाणी तिने त्यावर ओतलं.

"उशीर केला मी," ती म्हणाली.

बाकीच्या आया बघत होत्या. एकेक जण येऊन आपापली शिळा उचलू लागली. सासूही आली.

त्या पावसात विहिरीला पाणी आलं. नांदरुकाला पालवी फुटली नाही.

आपल्या पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून शास्ता भिक्खूंना म्हणाला, "त्या वेळची उत्पला म्हणजे आज विहारातल्या रोपांभोवतीची माती मोकळी करणारी भिक्खुणी. तिला त्या कामात साथ देणारी म्हातारी म्हणजे तेव्हाची सासू. तो वृक्षदेव मी होतो. मायेपोटी कुणी आपल्यावर दगड ठेवला, तरी त्याच्यावरची आपली सावली काढून न घेणं, याला क्षांती म्हणतात."